डीमनचा श्वास

एप्रिल २०१७मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉजने चॅलेंजर एसआरटी डीमन लोकांपुढे आणली, तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत एकच आकडा झळकला: ८४० अश्वशक्ती. आकडा दांडगाच होता. मसल कार या जातीच्या गाड्यांना आकडे मिरवायची खोड जुनी आहे. अमेरिकी कंपन्यांनी १९६०च्या दशकात साध्या, दोन दारांच्या गाड्यांत अवाढव्य व्ही-८ इंजिनं बसवायला सुरुवात केली तेव्हापासूनची. पण डीमनचा खरा रस त्या आकड्यात नाही. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या २.४ लिटरच्या सुपरचार्जरच्या जागी २.७ लिटरचा आला आणि त्यापायी उरलेल्या गाडीला काय काय करावं लागलं, त्यात तो आहे. एका भागाने बॉनेटपासून एअर कंडिशनरपर्यंत प्रत्येकाकडे काही ना काही मागितलं. या मागण्या एकेक करून वाचत गेलं, की ताकद वाढवण्याची ही गोष्ट मुळात उष्णतेला वाट काढून देण्याची गोष्ट आहे, हे उलगडत जातं.

वाचनाला आधी मूळ संहिता हवी. ती म्हणजे २०१५च्या मॉडेलची चॅलेंजर हेलकॅट: ६.२ लिटरचं हेमी व्ही-८ इंजिन, ७०७ अश्वशक्ती. सिलिंडरांच्या दोन रांगांच्या माथ्यावर जपानच्या आयएचआय कंपनीचा सुपरचार्जर बसवलेला. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांमुळे टर्बोचार्जर बहुतेकांच्या ओळखीचा आहे. तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर मात्र बेल्टने थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. त्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय पडताच तो कामाला हजर. पण त्याची मजुरी इंजिनालाच भरावी लागते. पूर्ण जोरावर हेलकॅटचा सुपरचार्जर नुसता फिरवायला सुमारे ८० अश्वशक्ती खर्च होते. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी हॅचबॅकचं अख्खं इंजिन तेवढंच देतं.

या यंत्राचं कूळ मोटारींहून जुनं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६०मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. भट्ट्यांना वारा घालणं हे त्याचं काम. पुढे जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर याच जातीचे ब्लोअर आले, आणि कॅलिफोर्नियाच्या हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्या हौशींनी, ते काढून आपल्या व्ही-८वर चढवले. रूट्स पद्धतीत हवा आत दाबली जात नाही, फक्त पुढे लोटली जाते. दाब तयार होतो तो पलीकडे गर्दी झाल्यावर. हेलकॅटचा सुपरचार्जर दुसऱ्या घराण्यातला, स्वीडनच्या आल्फ लिशोम यांनी १९३०च्या दशकात घडवलेल्या जुळ्या स्क्रूंच्या पद्धतीचा. पीळ दिलेले दोन रोटर एकमेकांत गुंततात, त्यांच्यामधली जागा पुढे सरकता सरकता अरुंद होत जाते आणि हवा बाहेर पडण्याआधीच दाबली जाते. त्यामुळे तेवढ्याच दाबासाठी ती कमी तापते. त्या रोटरांची बारीक, चढत जाणारी शीळ हा या गाडीचा स्थायी सूर आहे. इंजिनाची गडगड खाली राहते आणि शीळ तिच्यावर तरंगत वर जाते.

आता थोडा हिशोब मांडू, कारण या कृतीचं सौंदर्य बरंचसं हिशोबातच आहे. ६.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात त्याच्या निम्मी, म्हणजे ३.१ लिटर हवा ओढतं. हेलकॅटचा सुपरचार्जर स्वतःच्या एका फेऱ्यात २.३८ लिटर हवा देतो, आणि बेल्टच्या पुलींच्या मापामुळे क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यामागे तो २.३६ वेळा फिरतो. गुणाकार केला तर सुमारे ५.६ लिटर. तीन लिटरची भूक असलेल्याला साडेपाच लिटर वाढलं जातं. पुरवठा मागणीच्या १.८ पट. कंपनी जाहीर करते तो बूस्टचा दाब ११.६ पीएसआय. त्यात वातावरणाचा १४.७ मिळवून १४.७नेच भागलं, की पुन्हा १.८च्या आसपासच उत्तर येतं. उष्णता आणि गळती धरली तर खरा हिशोब इतका सरळ नसतो. तरीही पुलीच्या मापापासून दाबाच्या आकड्यापर्यंत एक अखंड धागा जातो, हे कागदावरच दिसतं.

हा धागा ओढून ताकद वाढवायची तर वाटा दोन. पहिली, तोच सुपरचार्जर जोरात फिरवायचा. त्याची पुली लहान करायची किंवा क्रँकशाफ्टची मोठी. हौशी हेलकॅटवाले बहुधा याच वाटेने जातात, कारण ती स्वस्त आहे आणि गॅरेजमध्ये जमते. पण हेलकॅटचे रोटर कंपनीच्या मापानेच मिनिटाला १४,६०० फेऱ्यांपर्यंत जातात. त्याहून पळवले की ते हवा जितकी पुढे ढकलतात तितकीच तापवूही लागतात, बेल्ट घसरायला लागतो आणि वाढलेल्या ताकदीतला मोठा वाटा ती ताकद निर्माण करण्यातच जातो. दुसरी वाट, सुपरचार्जरच मोठा घ्यायचा, म्हणजे तेवढी हवा कमी धावपळीत मिळते. ही वाट महाग. डीमनच्या अभियंत्यांनी ती धरली.

२.३८ लिटरवरून २.७ म्हणजे १३ टक्के वाढ. दाब ११.६वरून १४.५ पीएसआय झाला. वरवर पाहता ही वाढ २५ टक्क्यांची. जाहिरातीला हेच परवडतं. पण दोन्हीकडे वातावरणाचा दाब मिळवला तर २६.३चे २९.२ होतात, वाढ ११ टक्के. इंजिनाची कमाल गती ६,२०० फेऱ्यांवरून ६,५०० केली, तिचे आणखी पाचेक टक्के. आणि नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलवर ताकद ७०७वरून ८०८, म्हणजे १४ टक्के वाढली. जितकी हवा आली जवळपास तितकीच ताकद आली, वाटेत फारसं काही सांडलं नाही. मोठ्या सुपरचार्जरची मजुरीही मोठी, वाढलेल्या दाबाची उष्णताही जास्त; तरी हे प्रमाण टिकलं. ते कसं टिकलं हे पाहण्यात डीमनची खरी गंमत आहे.

सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं. दाबलेली हवा तापते, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा. तीस अंशांची हवा पावणेदोन-दोन पट दाबली, की ती शंभर अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबून मिळवलेलं थोडंफार हातचं जातं. शिवाय अशा हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता स्वतःहूनच पेटू पाहतं. हे नॉकिंग पिस्टनचा जीव घेतं. म्हणून हेलकॅटच्या सुपरचार्जरमध्येच दाबलेली हवा निववणारे दोन इंटरकूलर आहेत. त्यांतून वेगळ्या रेडिएटरचं पाणी खेळतं. पण रेडिएटर कितीही मोठा केला तरी पाणी बाहेरच्या हवेहून थंड होणार नाही. टेक्ससच्या दुपारी बाहेरच चाळीस अंश असतील, तर त्याच्या खाली जाण्याची सोय त्या पाण्याजवळ नाही.

इथे डीमनमध्ये या साऱ्या कृतीतलं सर्वांत देखणं वळण येतं. बाहेरच्या हवेहून थंड असं काहीतरी करणारं एक यंत्र गाडीत आधीपासूनच आहे, माणसांसाठी: एअर कंडिशनर. ड्रॅग मोडमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीसाठीच्या स्थितीत, डीमन त्याचं रेफ्रिजरंट केबिनकडून वळवून इंटरकूलरच्या पाण्याकडे पाठवते. चालकाने घाम गाळावा, इंजिनाने थंड श्वास घ्यावा. त्यात नवा मोठा अवयव जवळपास नाही. असलेल्याच एका सुखसोयीचा पत्ता बदलला आहे. शर्यत संपवून इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि पाण्याचा पंप चालू राहतात, आणि सुपरचार्जर पुढच्या धावेइतका निवला की पडद्यावर तसं दिसतं. ड्रॅग स्ट्रिपवर दोन धावांमध्ये बॉनेट उघडून बर्फाच्या पिशव्या ठेवणाऱ्या हौशी मंडळींची सारी खटपट कारखान्याने आपल्या अंगावर घेतली.

बाकीचे बदल याच न्यायाने वाचता येतात. बॉनेटवर ४५ चौरस इंचांचं तोंड उघडलं. हेलकॅटमध्ये पुढच्या एका दिव्याच्या पोकळीतून हवा आत येत होती, डीमनमध्ये ती दोन्ही बाजूंनी येते. वाढलेल्या हवेला जोडीचं पेट्रोल हवं म्हणून इंधनाचे पंप दोन झाले. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जास्त मजबूत केले. आणि ८०८ ते ८४० हा शेवटचा टप्पा सुपरचार्जरला हातही न लावता गाठला. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं, त्यासाठीचा कंट्रोल मॉड्यूल बसवायचा आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं. नॉकिंगची भीती कमी झाल्यावर ठिणगी लवकर टाकता येते. ३२ अश्वशक्ती तिथून येते. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ हा आकडा वेगळ्या रीतीने मोजतात, आपल्या मोजणीत तो पंचाण्णवच्या आसपास भरतो. शंभरचं म्हणजे शर्यतीचंच इंधन.

टॉर्क रिझर्व्ह नावाची युक्ती या कृतीतली नाट्यमय जागा आहे. गाडी रेषेवर उभी असताना सुपरचार्जरची बायपास झडप बंद होते आणि दाब आधीच भरून ठेवला जातो. एरवी या दाबाने इंजिन उधळलं असतं; म्हणून संगणक काही सिलिंडरांचं इंधन तोडतो, ठिणगी मागे ओढतो. हिरवा दिवा लागला की दोन्ही बंधनं सुटतात. डीमनने पाव मैल ९.६५ सेकंदांत, ताशी १४० मैलांच्या वेगाने कापला आणि सुटताना पुढची चाकं जमिनीवरून उचलली. तो थरार नंतरचा; तयारी त्याआधी स्तब्ध उभ्या गाडीत झालेली असते.

दोषही सांगायला हवेत. दहा सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीला अमेरिकी ड्रॅग शर्यतींच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे सुरक्षेचा पिंजरा लागायचा. तो डीमनमध्ये नव्हता, त्यामुळे ज्या धावेसाठी ती घडवली तीच धाव तिला अधिकृतपणे पुन्हा करता येईना. ३,३०० गाड्याच बनल्या आणि कित्येक धावण्याऐवजी गुंतवणूक म्हणून झाकून ठेवल्या गेल्या. एवढी ताकद रस्त्यावर कशासाठी, याचं उत्तर ही गाडी देत नाही. ते तिने कधी द्यायचं ठरवलंही नव्हतं.

२०२३मध्ये या कथेचा दुसरा भाग आला, डीमन १७०. सुपरचार्जर ३ लिटरचा, दाब २१.३ पीएसआय, ताकद १,०२५ अश्वशक्ती. सुपरचार्जर ११ टक्क्यांनी वाढला, ताकद ८४०च्या तुलनेत २२ टक्क्यांनी. मधलं अंतर मुख्यतः इंधनाने भरून काढलं: १,०२५चा आकडा ई-८५वरचा, म्हणजे सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या मिश्रणावरचा. साध्या पंपावरच्या ई-१०वर तीच गाडी ९०० देते. महाराष्ट्रात साखर कारखान्यांमुळे इथेनॉलची चर्चा घरोघरी होते, आणि बहुतेकदा ॲव्हरेज घटल्याच्या तक्रारीने संपते. तक्रार रास्त आहे, कारण लिटरमागे ऊर्जा कमी. पण बाष्प होताना इथेनॉल पेट्रोलहून कितीतरी जास्त उष्णता शोषतं आणि नॉकिंगला दाद देत नाही. डीमन १७०ने या दोन गुणांवर आपला सारा दाब तोलला. इथे थंडावा टाकीतूनच आला. डिसेंबर २०२३मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टन कारखान्यातून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली, तीही डीमन १७०च.

आकड्यांच्या पंगतीत दुसरी गाडी वरचढ आहे, यात शंका नाही. तरी रसिक म्हणून माझं मत पहिल्या डीमनच्या बाजूने पडतं. १७०मध्ये रसायनाने बरंचसं काम केलं. २०१८च्या मॉडेलच्या त्या पहिल्या डीमनमध्ये प्रत्येक टक्का कुठून आला हे बोट ठेवून दाखवता येतं. सुपरचार्जर बदलू पाहणाऱ्या कोणालाही तिच्याकडून शिकण्यासारखं एकच आहे: पुलीचं माप ठरवण्याआधी वाढलेली उष्णता कुठे जाणार ते ठरवावं. उत्तर हाताशी नसेल, तर विकत घेतलेली अश्वशक्ती तिसऱ्या धावेपर्यंत टिकत नाही.