फिलेमोनाच्या घरचा विसावा

पौलाच्या नावावर नव्या करारात तेरा पत्रं आहेत. त्यांतलं सगळ्यात छोटं पत्र तीताच्या पत्रानंतर येतं: पंचवीस वचनं, मूळ ग्रीकमध्ये अवघे ३३५ शब्द. रोमकरांना लिहिताना पौल सिद्धान्ताचे डोंगर चढतो, गलतीकरांवर तर तो सरळ चिडतो. इथे त्यातलं काही नाही. एका ओळखीच्या गृहस्थाकडे तिसऱ्या माणसासाठी शब्द टाकलाय, इतकंच. घाईचा वाचक पान उलटून इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राकडे निघून जातो. मला मात्र पौल, लेखक म्हणून आणि माणूस म्हणूनही, सगळ्यात जवळून दिसतो तो याच पानावर.

हकीगत थोडक्यात अशी. फिलेमोन हा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. विश्वासणाऱ्यांची मंडळी त्याच्या घरी जमते. घर बहुधा कलस्सै गावात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात. त्याचा अनेसिम नावाचा गुलाम घर सोडून गेला, जाताना काही उचललंही असावं. तो पौलाला तुरुंगात भेटला आणि तिथे ख्रिस्ताचा झाला. आता पौल त्याला परत पाठवतोय. हा तुरुंग रोमचा की इफिसचा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पत्र पौलाचंच आहे याबद्दल मात्र फारशी शंका कोणी घेत नाही. पळालेल्या गुलामाला रोमन जगात चाबूक ठरलेला, कपाळावर डागणीही व्हायची. त्याला आसरा देणं हासुद्धा गुन्हा होता.

रदबदलीच्या पत्राची सुरुवात स्तुतीने करायची, ही रीत जुनीच. आधी समोरच्याची चार शब्द तारीफ, मग कामाचं बोलणं. पौलही तेच करतो, पण त्याची स्तुती फार नेमकी आहे. फिलेमोनाने किती दान दिलं हे तो काढत नाही. सातव्या वचनात एवढंच येतं की फिलेमोनामुळे पवित्र जनांच्या काळजाला विसावा मिळाला, आणि ते ऐकून आपल्याला आनंद झाला, धीर आला. फिलेमोनाने नक्की काय केलं होतं, हे पत्र सांगत नाही. अंदाज बांधता येतो. इफिसकडून पूर्वेला जाणारा रस्ता कलस्सैच्याच खोऱ्यातून जायचा. वाटसरू यायचे, प्रचारक यायचे, घरदार तुटलेले नवे विश्वासणारे यायचे. पाय धुवायला पाणी, गरम जेवण, रात्री अंथरूण, सकाळी निघताना शिदोरी. थकलेला माणूस उंबऱ्यात आला आणि दुसऱ्या दिवशी ताजा होऊन पुढे गेला, एवढीच ती करामत.

ही बातमी फिरत फिरत साखळदंडातल्या पौलापर्यंत पोचते आणि त्याला उभारी देते. आत्मिक नवजीवन म्हटलं की उपवास, जागरण, अश्रू, दृष्टान्त असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. पौलाकडे दृष्टान्तांची कमतरता नव्हती. दमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश त्याच्या जमेला होताच. तरी या पत्रात त्याला टवटवी येते ती दूरच्या एका घरात कोणी चार माणसं नीट जेवली, झोपली, या बातमीने. उपकार एकावर झाला आणि बळ दुसऱ्यालाच मिळालं. या साध्या गोष्टीला पौल जितकं वजन देतो, तितकं अनेक प्रवचनकार देत नाहीत.

मग विनंती सुरू होते, आणि इथे पौलातला लेखक बघावा. आपल्याला हुकूम करायचा अधिकार आहे, हे तो सुचवून बाजूला ठेवतो. आपलं वय पुढे करतो, कैद पुढे करतो. मग सांगतो की मला तुरुंगात एक लेकरू झालंय. एवढं झाल्यावर, दहाव्या वचनात, ग्रीक वाक्याच्या अगदी शेवटी नाव येतं: अनेसिम. हेच नाव पहिल्या ओळीत आलं असतं तर फिलेमोनाच्या कपाळाला आठी पडली असती, आणि बाकीचं सगळं पत्र त्या आठीआडून ऐकलं गेलं असतं. आता त्याच्या मनात आधी लेकरू येऊन बसतं आणि मागाहून तो जुना गुलाम आत येतो.

पौलाने काय लिहिलं नाही, तेही मोजण्यासारखं आहे. ‘पळाला’ असं तो म्हणत नाही. अनेसिम काही काळ दुरावला, असं म्हणतो, आणि तेही अशा बेताने की त्या दुराव्यामागे देवाचीच काही योजना असावी असं वाटावं. ‘क्षमा कर’ हे शब्द पत्रात नाहीत. ‘गुलाम’ हा शब्द येतो तो फक्त सोळाव्या वचनात, आणि तिथेही त्याच्या जागी ‘भाऊ’ हा शब्द बसवण्यासाठी.

शेजारी दुसरं एक पत्र ठेवून पाहण्यासारखं आहे. पुढच्या काही दशकांतच रोमन लेखक धाकट्या प्लिनीने आपल्या सॅबिनियानस नावाच्या मित्राला असंच लिहिलं, त्याच्या मर्जीतून उतरलेल्या एका मुक्त गुलामासाठी. तो माझ्या पायांवर पडला, रडला, त्याचा पश्चात्ताप खरा वाटतो, तरुण पोर आहे, मी त्याला चांगलं फैलावर घेतलंय, आता राग सोड. पत्र देखणं आहे, मनाचा मोठेपणाही त्यात आहे, आणि ते लागूही पडलं. नंतर प्लिनीने आभाराचं पत्र धाडलं. पण त्याचा माणूस पत्र संपेपर्यंत पायांपाशीच राहतो. पौल अनेसिमाचा एकही अश्रू दाखवत नाही. त्याच्यासाठी तो कीव मागत नाही. मी दारात आलो असतो तर जसं घरात घेतलं असतंस तसं याला घे, एवढी त्याची मागणी.

हे मागायला लागणारी तयारी त्याने आधीच करून ठेवलेली असते. सातव्या वचनात पवित्र जनांची काळजं विसावतात. बाराव्यात पौल सांगतो की हा अनेसिम म्हणजे माझं काळीजच आहे, ते मी तुझ्याकडे पाठवतोय. विसाव्या वचनात तो म्हणतो, आता माझ्याही काळजाला विसावा दे. तीन जागा जोडल्या की फिलेमोनाला पळवाट उरत नाही. परक्यांना विसावा देणारं तुझं घर, माझं काळीज दारात उभं आहे, आता बोल.

इथे एक प्रश्न मला सोडत नाही. फिलेमोनाच्या घरी पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी कोण भरत असेल? चूल कोण पेटवत असेल, अंथरुणं कोण घालत असेल? त्या काळच्या सुखवस्तू घरात ही कामं मालक करत नसे. ज्या आदरातिथ्याची कीर्ती तुरुंगापर्यंत पोचली, ते अनेसिम आणि त्याच्यासारख्यांच्या हातांनी झालं असणार. चांगुलपणा मालकाच्या नावावर जमा झाला आणि पाणी गुलामाने ओढलं. पत्रात हे कुठे लिहिलेलं नाही, पण एकदा लक्षात आलं की सातवं वचन पूर्वीसारखं वाचता येत नाही. जो विसावा या घराने साऱ्या जगाला दिला, तो ज्याच्या जिवावर दिला त्यालाच द्या, अशी ही मागणी होऊन बसते. दिलदार माणसाचा उंबरा बाहेरच्यांसाठी सखल असतो. घरात राबणाऱ्यांना तो किती उंच लागतो, हे पाहुण्यांना कळत नाही.

मध्येच पौल स्वतःच्या हाताने लिहू लागतो. बाकी मजकूर लेखनिकाने उतरवला असावा. ही ओळ पौलाची स्वतःची. अनेसिमाने काही बुडवलं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी भरीन. तुरुंगातला हा म्हातारा भरणार कुठून, हे दोघांनाही ठाऊक आहे. आणि लगेच पुढे: तू स्वतःच माझं देणं लागतोस, हे मात्र मी काढत नाही. काढत नाही म्हणत म्हणत काढतोच! हुंडीखाली सही करता करता जुनी थकबाकी आठवून देणारा हा मिश्कीलपणा मला फार आवडतो. प्रेमळ माणसं बेरकी नसतात, हा आपला एक गोड गैरसमज आहे.

बेरकीपणा आणखीही आहे. पत्रावर नाव एकट्या फिलेमोनाचं नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि घरी जमणारी सारी मंडळी त्यात आहे. म्हणजे हे मोठ्याने, सगळ्यांदेखत वाचलं जाणार. वर शेवटी, आपण ता. क. घालावा तसं, माझ्यासाठी एक खोली तयार ठेव, मी येईन म्हणतो. याला कोणी गोड बोलून कोंडीत पकडणं म्हणेल. मी पौलाच्या बाजूने आहे. बंद दाराआड अनेसिमाचं काहीही झालं असतं. त्याला साक्षीदार हवे होते.

एका गोष्टीत मात्र मी पौलाला सोडणार नाही. त्याला मोकळं कर, असं सरळ वाक्य त्याने लिहिलं नाही. सांगतोय त्याहून अधिक करशील, एवढं सुचवून तो थांबला. त्या न लिहिलेल्या वाक्याची किंमत पुढच्यांनी मोजली. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले हेच पत्र दाखवत की पौलानेसुद्धा पळालेला गुलाम परत धाडला. १८३०च्या दशकात जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स या मिशनऱ्याने गुलामांपुढे यावर उपदेश केला आणि पळून जाण्याचा निषेध केला. निम्मे श्रोते उठून चालते झाले, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसेल. तरी सोळावं वचन उपदेशकापेक्षा त्यांनाच बरं कळलं होतं.

अनेसिमाचं पुढे काय झालं, हे नव्या करारात नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नाटियस इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तिथल्या बिशपाचं नाव सांगतो: अनेसिम. नाव गुलामांत सर्रास होतं, तेव्हा माणूस तोच, असं छातीठोक म्हणता येत नाही. कलस्सैकरांच्या पत्रावरून एवढं दिसतं की तो पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर त्या गावाकडे निघाला होता. वाचकांना माझं सांगणं इतकंच: हे पत्र मोठ्याने वाचा, पाच मिनिटं पुरतात. एकदा फिलेमोनाच्या जागी बसून वाचा आणि एकदा अनेसिमाच्या जागी उभं राहून. दोन्ही वाचनांत सातव्या वचनापाशी जरा थांबा.