नोटरी केलेला खिमा

पुस्तकाचे परीक्षण विद्वानांनी करावे, सिनेमाचे रिकामटेकड्यांनी आणि नाटकाचे फुकट पासवाल्यांनी, अशी आपल्याकडे कामाची वाटणी झालेली आहे. पाककृतीचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. पदार्थाचे करतात. "मीठ जरा कमी पडलंय" हा तर आपल्या घराघरांतला सर्वमान्य समीक्षासिद्धान्त आहे. पण ज्या कागदाबरहुकूम तो पदार्थ झाला, त्या कागदाला कोणी जाब विचारीत नाही.

आता कागद म्हटला की माझा हात शिवशिवतो. बी.कॉम. झाल्यापासून मी बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासतो आहे. सही जुळते का, तारीख आहे का, खाडाखोडीखाली पुन्हा सही आहे का, एवढेच बघण्यात जन्म चालला. तेव्हा परीक्षणाला मी असा एक कागद घेतला आहे, की तो वाचून कोणाही कारकुनाचा ऊर भरून यावा.

हा कागद इटलीतल्या बोलोन्या शहराचा. तिथे 'रागू' नावाचा एक मांसाचा प्रकार करतात. रागू म्हणजे रस्सा नव्हे. आपल्या आटवलेल्या खिम्याचा तो दूरचा मावसभाऊ. तो पास्त्यात कालवून खायचा. तर १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीच्या बोलोन्या शाखेने या रागूची कृती रीतसर कागदोपत्री आणून तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये जमा केली. नोटरीचा शिक्का, सह्या, सगळे यथासांग! वाचकहो, आमच्या इमारतीच्या जागेचे कागद अजून पुरे झालेले नाहीत, आणि या लोकांनी खिमा नोटरी केला.

मजकूरही असा, की ऑडिटरला बोट ठेवायला जागा नको. गाईच्या पोटाकडचे मांस ३०० ग्रॅम. पांचेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मुरवलेले चरबीदार मांस, १५० ग्रॅम. गाजर ५०, सेलरी ५०, कांदा ५०. टोमॅटोचा गाळलेला गर पाच चमचे, किंवा घट्ट अर्क २० ग्रॅम. वाइन, दूध, लागेल तसा मांसाचा स्टॉक. भांडे शक्यतो मातीचे आणि सुमारे २० सेंटिमीटरचे. आपल्याकडच्या पाककृतींतले "आवडीनुसार", "अंदाजाने", "बेताचे" हे शब्द शोधून डोळे दुखायला लागतात.

पण मी कॉमर्सचा माणूस. आकडा दिसला की बेरीज करून बघितल्याशिवाय राहवत नाही. त्याच चेंबर ऑफ कॉमर्समध्ये दहा वर्षे आधी, १९७२ साली, 'तालियातेल्ले' या अंड्यातल्या पास्त्याच्या पट्टीचे प्रमाण जमा झालेले आहे. तिथे पट्टीचा चक्क सोन्याचा नमुना ठेवलेला आहे. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, आणि ही रुंदी म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग होय, असे तिथे ठरलेले आहे. मी ताबडतोब पाठकोरा कागद ओढला. ८ गुणिले १२,२७० म्हणजे ९८,१६० मिलिमीटर. म्हणजे ९८ मीटरांच्या वर. मनोऱ्याची उंची सुमारे ९७ मीटर. मीटरभर फरक! आमच्याकडे संध्याकाळी दहा रुपयांचा फरक निघाला तर कॅशियर घरी जात नाही, आणि बोलोन्याची माणसे मीटरभर फरक ठेवून अर्धशतक निवांत जेवताहेत. त्यांनी बहुधा आकडा जवळच्या पूर्णांकात आणला असावा. तशी टीप मात्र हवी होती.

हा झाला किरकोळ शेरा. मोठा आक्षेप पुढे आहे.

बोलोन्याच्या नावाने मांसाचे हे प्रकरण पुस्तकात आणणारा जुना लेखक म्हणजे पेल्लेग्रिनो आर्तूसी. हा पेशाने व्यापारी. गाव फोर्लिम्पोपोली, मुक्काम फ्लॉरेन्स. घरी लग्नाची बायको नाही, दोन मांजरे होती. त्याने १८९१ मध्ये पदरचे पैसे घालून पाककृतींचे पुस्तक काढले. त्याच्या स्वतःच्या गावी दोन प्रती धर्मादाय सोडतीत बक्षीस म्हणून ठेवल्या, तर जिंकणाऱ्यांनी थट्टा करून त्या तंबाखूवाल्याला विकल्या. लेखकाचा गावात होणारा सत्कार सर्व देशांत सारखाच असतो, हे वाचून बरे वाटले. पुढे मात्र पुस्तकाने असा जोर धरला, की ४७५ कृतींच्या ७९० झाल्या आणि बाईमाणसे त्याला पत्रांनी आपापल्या घरच्या कृती कळवू लागली.

तर या आर्तूसीचा 'बोलोन्या पद्धतीचा माकारोनी' काय म्हणतो? कोवळ्या वासराचे मांस १५० ग्रॅम. कांदा, गाजर, सेलरी. लोणी. चिमूटभर पीठ, तेही "अगदी कमी" असे बजावून. ज्याला आवडेल त्याने जायफळ. टोमॅटोचा पत्ता नाही. आणि पास्ता कोणता? तालियातेल्ले नव्हे आणि स्पॅगेटी तर नव्हेच. 'घोड्याचे दात' या नावाचा एक आखूड नळीचा प्रकार!

आता गंमत पाहा. २० एप्रिल २०२३ रोजी अकादमीने १९८२ चा कागद सुधारून पुन्हा जमा केला. मांस ३०० चे ४०० ग्रॅम झाले, भाज्या ५० च्या ६०, टोमॅटोचा गर २०० ग्रॅमवर गेला, आणि दूध ऐच्छिक झाले. (महागाई निर्देशांक लक्षात घेता ही वाढ रास्त आहे.) शिवाय निषिद्ध गोष्टींची यादी जोडली: वासराचे मांस चालणार नाही, नुसते डुकराचे चालणार नाही, लसूण नाही, रोझमेरी नाही, वाइनऐवजी ब्रँडी नाही, दाटपणासाठी पीठ नाही. म्हणजे आर्तूसीचे वासरू बाद आणि त्याची चिमूटही बाद. आजोबांचा अर्ज नातवांनी कागदपत्रे अपुरी म्हणून परत पाठवला! त्यातच इतर मसाले निषिद्ध आणि जायफळ तेवढे मान्य. जायफळ हा मसाला नव्हे, असे कोणत्या कलमाखाली ठरले, याचा खुलासा नाही.

इथपर्यंत लिहिले आणि वाटले, की परीक्षण संपले. कागदाची अब्रू गेली. जी गोष्ट तीसचाळीस वर्षांत एकदा बदलते, ती 'अस्सल' कसली? २०१९ साली बोलोन्याच्या महापौरांनी 'स्पॅगेटी बोलोन्येझे' हा पदार्थ आमच्या गावचा नव्हेच, म्हणून जगभर डांगोरा पिटला होता, तोही मग पोकळ ठरला. पण कागद तपासणाऱ्याने व्हाउचर नुसते वाचून भागत नाही. माल आला की नाही, हेही बघावे लागते. म्हणून एका रविवारी मी रागू करायला घेतला.

गाईच्या मांसाचा प्रश्न आमच्या घरात उद्भवत नाही, आणि आमच्या खाटकाला पांचेत्ता म्हणजे कोणा इटालियन नटीचे नाव वाटले. म्हणून बकऱ्याचा खिमा आणला. अर्थात याला मी रागू म्हणणार नाही. कागद मला ती परवानगी देत नाही आणि कागदाविरुद्ध जायची मला सवय नाही. पण रीत तीच ठेवली. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून मंद आचेवर मऊ केली. मग खिमा घातला. इथे १९८२ च्या कागदात एक सुरेख वाक्य आहे: मांस चरचरू लागेपर्यंत परतत राहा. किती मिनिटे, ते दिलेले नाही. कारण खिम्याला आधी पाणी सुटते. पाणी आहे तोवर तो नुसता उकडतो, आणि आवाज येतो तो रटरट. पाणी पुरते आटले की आवाज बदलतो, चर्र होतो, आणि तिथून मांसाला रंग आणि खरी चव यायला सुरुवात होते. आख्ख्या कागदात हे एकच वाक्य कानाने वाचायचे आहे. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या माणसांना ते सुचले, यासाठी मी त्यांचा मीटरभर फरक माफ करून टाकला.

"दोन तास?" सौ. दारातून म्हणाली. "अहो, कुकरच्या चार शिट्ट्यांत होईल की!"

शिजेल, यात वाद नाही. पण कुकरमध्ये पाणी आटत नाही, आणि रागू म्हणजे मुख्यतः आटणे. स्टॉक थोडा घालायचा, आटू द्यायचा, पुन्हा थोडा घालायचा. पोटाकडच्या चिवट मांसातले कोलॅजन या दोनतीन तासांत विरघळून रसाला अंगचा दाटपणा देते. म्हणून तर पीठ नको. दूध टोमॅटोचा आंबटपणा मारते. रुंद पट्टीला हा दाट माल चिकटून बसतो, आणि गुळगुळीत स्पॅगेटीवरून घसरून ताटाच्या तळाशी जातो. महापौर ओरडत होते ते नुसत्या गावाभिमानाने नव्हे. प्रत्येक कलमामागे कोणाचे तरी करपलेले भांडे आहे, हे दोन तास ढवळल्यावर कळते.

आणि ढवळता ढवळता मला आईचा खिमा आठवला. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या खिम्यात जायफळ असायचे, असे मी म्हणतो. ताई म्हणते, "काहीतरीच! जायफळ बासुंदीत. खिम्यात दगडफूल असायचं." आम्ही दोघेही तिच्या हातचे वीसपंचवीस वर्षे जेवलो. दोघांचीही साक्ष खरी वाटावी अशी. आईला विचारले असते तर ती म्हणाली असती, "अरे, बेतानं घालायचं." ते 'बेतानं' तिच्या बोटांत होते, आणि बोटे तिच्याबरोबर गेली. दोन वारस, एक खाते, आणि नॉमिनेशन नाही. अशी खाती बँकेत मी रोज बघतो. त्यांतला पैसा कुठे जात नाही, पण कोणाच्या हातीही येत नाही.

म्हणून बोलोन्याच्या कागदावर माझा शेवटचा शेरा अनुकूल आहे. त्यात विसंगती आहेत, थोडा ताठा आहे आणि मनोऱ्याचा हिशेब जुळत नाही. पण या चुका मला सापडल्या, त्याचे कारण तो कागद आहे. आर्तूसीने पीठ घातले होते हे नातवांना कळते, आणि "आता घालू नका" असे त्यांना तारीखवार सांगता येते. नोंद असली म्हणजे पदार्थ गोठतो, असे मला आधी वाटे. तसे नाही. नोंद असली की तिच्याशी भांडता येते, ती दुरुस्त करता येते, आणि दुरुस्तीवर पुन्हा सही करता येते. जिथे नोंदच नाही तिथे भाऊ आणि बहीण नुसते एकमेकांशी भांडतात.

पुढच्या रविवारी ताईला बोलावले. एक शंभरपानी वही घेतली आणि दोघांनी मिळून आईचा खिमा लिहून काढला. कांदे किती, ते जमले. तेल किती, यावर चहाचे दोन कप झाले. दगडफूल ताईच्या आग्रहाने नोंदले. जायफळापुढे मी आर्तूसीचा दाखला देऊन "ज्याला आवडेल त्याने" असे लिहिले. ताईने ते वाचले, चष्मा पुसला आणि खाली सही केली.