नंदू भेंडे आणि मराठी रॉकची अर्ध्यात सुटलेली वाट

मराठी गाण्यात परका सूर आला तो बहुतेक वेळा रंगभूमीच्या दारातून. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि त्यानंतर नाटकाने किती सूर पचवले याची मोजदाद अवघड आहे. ऑर्गन आणि पायपेटी युरोपातली, पण बालगंधर्वांच्या काळात त्यांना कुणी परकं मानलं नाही. कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरला जन्मलेल्या वसंत कानेटकरांनी 'मत्स्यगंधा' लिहिलं आणि १९६४ मध्ये जितेंद्र अभिषेकींनी त्याला चाली दिल्या, तेव्हा संपत आलेलं संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं. इलेक्ट्रिक गिटारही याच दारातून आत आली होती. तिला आणणारा माणूस नंदू भेंडे. ती आत का राहिली नाही, हा मराठी रॉकच्या आजच्या अवस्थेचा मूळ प्रश्न आहे.

नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. नाटक घरातच होतं, ओढ मात्र रॉकची. साठीच्या अखेरीला आणि सत्तरीच्या सुरुवातीला मुंबईत कॉलेजातल्या पोरांचे बँड उभे राहत होते. एका सिगारेटच्या नावाने भरणारी 'सिमला बीट' स्पर्धा देशभरातल्या बँडांना एका मंचावर आणत होती आणि १९७० व १९७१ मध्ये तिच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. व्हेलव्हेट फॉग, सॅव्हेजेस अशा बँडांमधून भेंडे गायले. हे सगळं गाणं इंग्रजीत होतं आणि बहुतेक दुसऱ्यांचं होतं. विलायती तबकडीवर ऐकलेलं हुबेहूब वाजवता येणं हीच तेव्हा कर्तबगारी मानली जाई. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईत केला आणि त्यात भेंड्यांना जुडासची भूमिका मिळाली. या ऑपेऱ्यात जुडास हा खलनायक नाही. संशयाने पोळलेला माणूस आहे तो, आणि संगीतातला सगळ्यात खरबरीत, ताणलेला सूर त्याच्याच वाट्याला येतो. गाता गाता अभिनय करणं, भावनेसाठी आवाज फाटू देणं ही तालीम भेंड्यांना या भूमिकेने दिली असणार, असं मला वाटतं.

त्या तालमीचं फळ १९७८ मध्ये दिसलं. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. थिएटर अकादमीसाठी जब्बार पटेलांनी तो बसवला आणि अंकुश या दादाच्या भूमिकेत नंदू भेंडे उभे राहिले. या प्रयोगात लावणी होती, नाट्यपदाची ढब होती आणि त्यांच्या शेजारी पाश्चात्त्य ठेका होता. मला या नाटकाचं मोल इथे दिसतं. अंकुश हा शहरातला गुंड. त्याच्या तोंडी रॉकचा सूर येतो तेव्हा तो उसना वाटत नाही, कारण पात्रच तसं आहे. मराठी शब्द आणि विजेचं वाद्य एकमेकांना भेटायला जे निमित्त लागतं, ते इथे पात्राने दिलं.

त्या भेटीत अडचण काय असते, हे सांगायला हवं. रॉकचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि इंग्रजी शब्दातला आघात त्या ठोक्याला चपखल बसतो. मराठी शब्दाला तसा ठळक आघात नाही. त्याचं वजन ऱ्हस्व-दीर्घावर चालतं. ऱ्हस्व अक्षर ठोक्यासाठी ओढलं की शब्द वाकडा होतो. मराठी रॉक म्हणून पुढे जे कानावर आलं त्यातलं बरंचसं इथेच पडतं: चाल आधी इंग्रजी वळणाने बांधायची आणि मराठी अक्षरं तिच्यात कोंबायची. उपाय आपल्याच घरात होता. पोवाड्यात शाहीर डफाच्या थापेवर शब्द फेकतो, आवाज वरच्या पट्टीत फाटू देतो, तरी अक्षर मोडत नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी आणि त्यांच्याबरोबर अमर शेखांनी हजारोंच्या सभा याच आवाजावर धरल्या. मराठी कानाला खडा आवाज सोसत नाही हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. रेडिओवरच्या भावगीताने शहरी मध्यमवर्गाचा कान मऊ केला, एवढंच त्यात खरं आहे. आणि गाणी कुणाची निघायची हे ठरवणारी माणसं त्याच वर्गातली होती.

'तमाशा'नंतर भेंड्यांपुढे मराठी रॉक गायक म्हणून उभं राहायला जागाच उरली नाही. नाटक दुसरं आलं नाही, कॅसेट कंपन्यांना हा माल कुठल्या फडताळात ठेवायचा ते कळेना. डिस्कोची लाट आली तेव्हा ते तिच्याबरोबर गेले. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये बप्पी लाहिरींनी त्यांच्याकडून कृष्णाला साद घालणारं गाणं गाऊन घेतलं. त्या आवाजाची धार तिथेही लपत नाही. पुढे दूरदर्शन आणि मग खासगी वाहिन्यांच्या मालिकांना त्यांनी संगीत दिलं. हे काम कसबाचं असतं, वेळेत द्यायचं असतं, आणि त्यावर नाव फार कमी वेळा लक्षात राहतं. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले. त्या दिवसांत त्यांच्याबद्दल आलेल्या लिखाणात जुडास आणि अंकुश या दोन भूमिकाच ठळक होत्या, हे पुरेसं बोलकं आहे.

त्यांच्या शेजारी रेमो फर्नांडिस यांना ठेवून पाहावं. पणजीत १९५३ मध्ये जन्मलेले रेमो वास्तुकला शिकायला मुंबईच्या जे. जे.मध्ये आले आणि सॅव्हेजेसमध्ये तेही वाजवून गेले. मग ते गोव्यात परतले. १९८४ चा 'गोअन क्रेझी' त्यांनी शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्वतःच दुकानोदुकानी पोचवल्या. बँडमधला गिटारवाला तिथे स्वतःची गाणी लिहिणारा, बांधणारा, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवणारा कलावंत झाला. विषय गावचे, माणसं गावची. हिंदी सिनेमाने त्यांना बोलावलं ते या ओळखीमुळे. १९९५ च्या 'बॉम्बे'त रहमान यांना हवा होता तो रेमोंचाच आवाज. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. गुणवत्तेत भेंडे कमी होते असं मी म्हणणार नाही, गाण्याच्या अभिनयात ते उजवेच होते. फरक श्रोत्यांचा होता. गोव्यात चर्चच्या संगीतशिक्षणामुळे गिटार, व्हायोलिन, ट्रम्पेट घराघरांत होते. रेमोंना नवं वाद्य कुणाला ओळखीचं करून द्यायचं नव्हतं.

आज चित्र वेगळं आहे. अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद वापरला आणि तो करमाळ्याच्या उसात शोभला. २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' आणि 'तांबडी चामडी' ही गाणी घरच्या संगणकावर बांधता येतील अशा साधनांतून सगळीकडे गेली. गिटार, सिंथ, ड्रम आता मराठी गाण्यात मुबलक आहेत. पण ते रंगासाठी येतात. चारपाच जणांनी एकत्र बसून, भांडून, वर्षानुवर्षं एक आवाज घडवणं, म्हणजे बँड, हे मराठीत अजून रुजलेलं नाही.

खरं तर रुजलेलं आहे, फक्त समीक्षेचं तिकडे लक्ष नाही. कोरेगाव, खटाव, पुढे तासगाव-विट्यापर्यंत कुठल्याही वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी ऐका. हा बँजो म्हणजे अमेरिकेतलं वाद्य नव्हे. जपानमध्ये १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी केलेल्या ताइशोगोतोपासून आलेला, कळांचा बुलबुलतरंग आहे तो. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आवाज फाटेपर्यंत चढवला, जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा घेतला. तारेचा फाटलेला सूर, अंगात भिनणारा ठेका, रस्त्यावर नाचणारी माणसं: रॉकचे सगळे गुण इथे आहेत आणि ते कुणाच्या तबकडीवरून उचललेले नाहीत. रवी जाधवांनी २०१६ मध्ये यावर 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला, पण त्यात वाद्याची कहाणी नायकाच्या कहाणीखाली दबली.

उणीव आहे ती एकच, पण मोठी. बँजो पार्टी दुसऱ्यांची गाणी वाजवते. गाजलेलं गाणं आठवड्याच्या आत तिच्या हातात येतं आणि ते ती मुळापेक्षा जोरकस करते. स्वतःची चाल, स्वतःचे शब्द मात्र नाहीत. मुंबईचे बँड १९७० मध्ये नेमके याच टप्प्यावर होते. फक्त पुढे भेंड्यांसमोर 'तमाशा'चे प्रेक्षक होते आणि प्रयोग संपले की तेही पांगत. या पोरांसमोर दर लग्नसराईत अख्खं गाव उभं असतं, आणि त्या गावाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही.