प्रवरानगर : आखणीतली वसाहत, आखणीबाहेरची माणसे

प्रवरानगरचा इतिहास बहुधा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या चरित्रांच्या अंगाने लिहिला जातो. तो खोटा नाही, अपुरा आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. हरेगाव, टिळकनगर येथे खासगी कारखान्यांभोवती वसाहती उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी खंडाने दिलेल्या जमिनी कंपन्यांच्या ताब्यात गेल्या आणि शेतकरी ‘खंडकरी’ झाला. या पार्श्वभूमीवर लोणीजवळ १९५० साली उभा राहिलेला सहकारी कारखाना हा मालकीच्या प्रश्नाला दिलेला जबाब होता. इथे जमीन शेतकऱ्याचीच राहिली, शिवाय तो कारखान्याचा भागधारक झाला. पुढे शाळा, महाविद्यालये, रुग्णालय आले. कंपनीच्या वसाहतीहून या नगराचे वेगळेपण इथे आहे.

परंतु या रचनेचे एकक ‘सभासद’ आहे, आणि सभासदत्वाला उसाची जमीन लागते. जमीन नसलेल्याचे काय? याच जिल्ह्यातल्या पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यातून ऊसतोड कामगार दरवर्षी हंगामाला बाहेर पडतात. साखरपट्ट्यात त्यांचा मुक्काम पाचटाच्या कोपीत असतो. हंगाम संपला की कोपी मोडते. गाळप त्यांच्या कोयत्यावाचून सुरू होत नाही, तरी कारखान्यांच्या गौरवग्रंथांत ते बहुधा टनांच्या आकड्यांआड राहतात.

सहकाराने शेतकऱ्याला कारखान्याचा भागधारक केले, हे यश मोठेच. मात्र नियोजित वसाहतीचा इतिहास नकाशावरच्या इमारतींपाशी थांबला, तर तो सभासदांचा अहवाल होतो. कोपीची नोंद घेतल्यावरच तो नगराचा इतिहास होईल.