सिद्ध झाले नाही म्हणजे काय?

कायदा संगणकाच्या तर्कात मांडता येतो, हे दाखवणारा एक निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मारेक सर्गो, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग या संगणकभाषेत उतरवला. यंत्र निष्कर्ष देते आणि तो कोणत्या कलमावरून काढला तेही सांगते. दुसऱ्याच्या मर्जीवर ज्यांचे जगणे टांगलेले आहे, त्यांनी या गुणाला कमी लेखू नये.

पण निबंधाचे मर्म एका बेवारस अर्भकात आहे. ब्रिटनमध्ये टाकून दिलेले नवजात मूल सापडले, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते तिथेच, तिथल्या नागरिकाच्या किंवा तिथे स्थायिक असलेल्याच्या पोटी जन्मले असे मानावे, असे तो कायदा सांगतो. लेखकांनी यासाठी प्रोलॉगचा रिवाज वापरला: जे सिद्ध करता येत नाही ते नाहीच, असे धरायचे. उद्या नवी माहिती आली तर निष्कर्ष मागे घ्यावा लागेल, हेही ते मान्य करतात. इथे रिवाज दुबळ्याच्या बाजूने उभा आहे.

हाच रिवाज आपल्या न्यायालयांत कसा चालतो? खैरलांजीत २००६ साली एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयालाही त्यात सूडच दिसला. गंभीर गुन्ह्यासाठी जन्मठेप सांगणाऱ्या त्या कायद्याच्या पोटकलमाला तेव्हा गुन्हा 'जातीच्या कारणावरून' झालेला हवा होता. कारण सिद्ध झाले नाही, सबब कारण नव्हते! संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण आठ जण दोषी ठरल्यावर संशय उरला तो फक्त जातीपुरता.

२०१५च्या दुरुस्तीने, जी २०१६ पासून अमलात आली, पीडिताची जात ठाऊक असणे पुरेसे केले. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर जात ठाऊक होती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे. विरुद्ध सिद्ध करणे आरोपीकडे. म्हणजे त्या अर्भकाचेच वाक्य.

पुढे १९९५ मध्ये फान मिन्ह डुंग यांनी युक्तिवादांचेच गणित मांडले. ज्याच्यावरील प्रत्येक हल्ल्याला उत्तर आहे, तो युक्तिवाद टिकतो. गणित देखणे आहे. मात्र ठाण्यात फिर्यादच लिहून घेतली नाही, तर हल्लाच नाही आणि समोरचा विनासायास टिकतो. ॲट्रॉसिटी कायदा कोणी यंत्रात मांडायला घेतलाच, तर त्याने सुरुवात कलम ४ पासून करावी. फिर्याद नोंदवणे हे लोकसेवकाचे कर्तव्य आहे, असे तिथे लिहिले आहे.