युक्तीची किंमत

दुर्बळाने बुद्धीच्या जोरावर बलाढ्याचे पारिपत्य केल्याची गोष्ट कोणास आवडत नाही? पंचतंत्रातील सशाने सिंहास विहिरीवर नेऊन त्याचेच प्रतिबिंब दाखविले, तेव्हापासून ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे वचन आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या मुलांस शिकविले जात आहे. मायकेल लुईस ह्या अमेरिकन ग्रंथकाराचे २००३ साली प्रसिद्ध झालेले ‘मनीबॉल’ हे पुस्तक त्याच गोष्टीचा नवा अवतार होय. विषय बेसबॉलचा, तो खेळ आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिला असेल. परंतु ज्यांचे हात आखडलेले आहेत अशा सर्व संस्थांच्या चालकांपुढे आता हे पुस्तक आदर्श म्हणून ठेवले जाते. पैसा मागू नका, डोके चालवा, असा त्याचा अर्थ लावला जातो. अल्पवित्त महाविद्यालयात उभी हयात घालविलेल्या आम्हांस हा उपदेश अपरिचित नाही. म्हणूनच त्याची थोडी परीक्षा करावीशी वाटते.

प्रथम पुस्तकाचे जे श्रेय आहे ते त्यास दिले पाहिजे. आमच्या आयपीएलमध्ये सर्व संघांस लिलावात खर्चाची एकच मर्यादा असते. अमेरिकन बेसबॉलमध्ये तशी मर्यादा नाही. फार खर्च करणाऱ्यावर कर बसतो आणि उत्पन्नाचा काही भाग वाटून घेतला जातो, इतकेच. २००२ साली न्यूयॉर्कच्या यँकी संघाने खेळाडूंच्या वेतनावर सुमारे साडेबारा कोटी डॉलर खर्च केले. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या संघाने सुमारे चार कोटी. दोघांनीही त्या हंगामात १०३ सामने जिंकले! ओकलंडने तर ओळीने वीस सामने जिंकले. हे घडले कसे, ह्या कोड्याची उकल लुईस यांनी अशा हातोटीने केली आहे की, ज्यास खेळाचे नियमही ठाऊक नाहीत त्यासही पुस्तक खाली ठेववत नाही.

ह्या उकलीचा गाभा क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांस विशेष रंजक वाटेल. चेंडू फेकणाऱ्याने चार चेंडू ठराविक टप्प्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने त्यांस बॅट लावली नाही, तर फलंदाजास पहिला बेस फुकट मिळतो. एकोणिसाव्या शतकात बेसबॉलच्या आकडेवारीची घडी ज्याने बसविली तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला व क्रिकेटवर वाढलेला. असा फुकटचा बेस ही फेकणाऱ्याची चूक, त्यात फलंदाजाचे कर्तृत्व काय, असा त्याचा क्रिकेटी न्याय. त्यामुळे फलंदाजीच्या सरासरीत संयमास जागाच उरली नाही. कॅन्सासमधील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्स यांनी १९७७ पासून स्वखर्चाने पुस्तिका छापून असल्या समजुतींस धक्के दिले. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे हार्वर्डचे पदवीधर सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी तेच ज्ञान बाजारात वापरले. कोपरातील मज्जातंतू दुखावल्यामुळे पूर्वीच्या जागेवरून चेंडू फेकता न येणारा स्कॉट हॅटबर्ग त्यांनी स्वस्तात घेतला, कारण वाईट चेंडू सोडण्याचा संयम त्याच्या अंगी होता. ही प्रकरणे खरोखर वाचनीय आहेत.

तथापि आमचा आक्षेप आहे तो येथूनच पुढे. ओकलंडच्या १०३ विजयांचा हिशेब मांडावयाचा तर हॅटबर्गपाशी थांबून चालणार नाही. त्याच संघात टिम हडसन, मार्क मल्डर व बॅरी झिटो हे चेंडू फेकणारे त्रिकूट होते. झिटोस त्या वर्षी सर्वोत्कृष्ट फेकणाऱ्याचा साय यंग पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा हा त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. असे चार मोहरे चार कोटींत बसलेच कसे? ग्रंथकार ह्या प्रश्नास हात घालतात, पण घाईने. त्यांचा जीव बीन यांच्या चातुर्यात गुंतलेला आहे.

उत्तर चातुर्यात नाही, कायद्यात आहे. १९७५ पूर्वी बेसबॉलचा खेळाडू मालकास जन्माचा बांधलेला असे. कर्ट फ्लड ह्या खेळाडूने त्याविरुद्ध दावा लावला, तो १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये एका लवादाच्या निर्णयाने ते बंधन तुटले. परंतु पुढे झालेल्या करारात तडजोड अशी ठरली की, खेळाडूची पहिली सहा वर्षे संघाचीच. त्यांतील सुमारे तीन वर्षे तर त्यास किमान वेतनाच्या आसपास राबावे लागते. ओकलंडची खरी तिजोरी ती हीच! झिटोची सहा वर्षे संपली आणि २००६ अखेर सॅन फ्रान्सिस्कोने त्यास सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. तेहादा २००३ च्या हंगामानंतर गेला. हडसन व मल्डर २००४ च्या अखेरीस विकले गेले. गरीब संघाने श्रीमंतावर मात केली हे खरे. पण त्या विजयाचे मोल तरुण खेळाडूंनी आपल्या न मिळालेल्या वेतनातून भरले, हेही तितकेच खरे.

टँपा बे येथील संघाने हाच मार्ग अधिक पद्धतशीरपणे चोखाळला. २००८ साली इव्हान लाँगोरिया ह्या नवख्याशी, तो प्रथम श्रेणीत उतरून आठवडा होतो न होतो तोच, त्यांनी सहा वर्षांचा पावणेदोन कोटी डॉलरांचा करार केला. खेळाडूस निश्चिंती मिळाली, संघास स्वस्ताई. आणि त्याच वर्षी संघ विश्वमालिकेपर्यंत पोहोचला. लहान संघाने काय करावे ह्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पण त्याचाही पाया तोच: नवख्यास दुसऱ्या दारी जाण्याची मोकळीक नसणे.

दुसरी गोष्ट अशी की, युक्ती ही कोणा एकाची मिरास नव्हे. पंचतंत्रातील सिंह मूर्ख होता. बेसबॉलमधील सिंह वाचता येणारे निघाले. बॉस्टनच्या धनाढ्य संघाने बिल जेम्स यांस पुस्तक निघण्यापूर्वीच, २००२ साली, चाकरीस घेतले आणि २००४ मध्ये ८६ वर्षांनी अजिंक्यपद मिळविले. संयमी फलंदाज बाजारात स्वस्त मिळतात ही गोष्ट पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर लवकरच खरी उरली नाही, असे हेक्स व सॉअर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली आकडेवारीने दाखविले. टँपाची घडी बसविणारे अँड्र्यू फ्रीडमन २०१४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे गेले. २०२० च्या विश्वमालिकेत त्याच डॉजर्सनी टँपास हरविले, आणि पुढे २०२४ व २०२५ मध्येही अजिंक्यपद राखले. सिंहाने सशासच कारभारी नेमल्यावर उरलेल्या सशांनी काय करावे?

आणि ओकलंड? २००२ साली तो संघ पहिल्याच बाद फेरीत मिनेसोटाकडून हरला. आणि मिनेसोटाही खर्चाने ओकलंडच्याच पंगतीतला. थोड्या सामन्यांत दैवाचा हात मोठा असतो हे लुईस यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु पुढील इतिहास दैवावर ढकलता येणार नाही. बीन यांच्या कारकिर्दीत संघास विश्वमालिका एकदाही गाठता आली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये इतर मालकांनी संघाच्या लास व्हेगासच्या स्थलांतरास एकमताने मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओकलंडच्या मैदानावरील शेवटचा सामना झाला. ज्या गावाने वीस सामन्यांचा तो विजयोत्सव साजरा केला, त्या गावास आता संघच नाही.

तात्पर्य, ‘मनीबॉल’ हे उत्तम पुस्तक आहे, पण अर्ध्या सत्याचे. युक्तीने दुर्बळास काही वर्षांची सवड मिळते. न्याय मिळत नाही. ती सवडही अनेकदा घरातल्याच अधिक दुर्बळाच्या खांद्यावर उभी असते. यापुढे कोणी चालक हे पुस्तक आमच्यापुढे ठेवून काटकसरीचे धडे देऊ लागले, तर आम्ही त्यांस नम्रपणे एवढेच विचारू: आपल्या संस्थेतील झिटो कोण, आणि त्यास आपण काय देता?