क्लोन : एका शब्दाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे गावोगाव आहेत. शब्दांची मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक पुस्तक न वाचता माणसाचं आयुष्य सुखात जातं, पण शब्द एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा चार दिवसांनी परत जात नाही. आमच्या मोहोपाड्यात सध्या असाच एक शब्द मुक्कामाला आहे. क्लोन.

बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे तो जुन्या फोनमधला संसार नव्या फोनमध्ये हलवण्याचं काम करतो. बँकेच्या रांगेत तोच शब्द चोर होतो. 'अहो, कार्ड क्लोन झालं आणि पैसे गेले!' एका वडापावच्या गाडीशेजारी दुसरी लागली, तर ती पहिलीची क्लोन. आणि बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावून म्हणतात, 'अगं बाई, अगदी बापाचा क्लोन!' म्हणजे हमाल, चोर, नकलाकार आणि तान्हं बाळ अशा चारही भूमिका एकच नट करतो. नटाचं कौतुक आहेच, पण मूळ नाटक कुठलं हे कुणी विचारायचं की नाही?

मूळ नाटक बागेतलं आहे. शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ डहाळी. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं बी न पेरता डहाळी, कंद किंवा फुटवा लावून वाढवलेल्या रोपांना हे नाव सुचवलं. म्हणजे, आपलं कलम हो! हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल अशी हमी कोकणात कुणी देत नाही. म्हणून हापूसची काडी रायवळ आंब्याच्या रोपावर बांधायची. परसातली केळ तर कुणालाही न विचारता मुनवे काढते. आमच्या आज्या जन्मभर क्लोनिंग करत होत्या आणि त्याबद्दल त्यांना साधं प्रमाणपत्रही मिळालं नाही.

पुढे जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी हा शब्द माणसाला लावून पाहिला. त्यांचा तो निबंध १९६३ सालचा. तेव्हा हे गृहस्थ इंग्लंड सोडून भारतात येऊन राहिले होते. मग ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली आणि शब्द घरोघरी पोचला. २७७ खटपटींतून ही एकटी जगली. तिला आया तीन. एकीची पेशी, दुसरीचं बीजांड, तिसरीची कूस. बाप एकही नाही.

इथेच आमच्या बारशाची पंचाईत होते. मूल खरोखरच बापाचा क्लोन असेल, तर त्याच्या नाकाडोळ्यांत आणि स्वभावात आईचा वाटा जवळजवळ शून्य!

हे मी नुसतं शब्दांचा कीस काढायला सांगत नाही. इकडच्या एका रासायनिक कारखान्यात उमेद घालवलेले आमचे एक शेजारी आहेत. त्यांचा मुलगा लहानपणापासून 'बापाचा क्लोन'. भुवया त्याच, चालणं तेच, भात कालवायची तऱ्हाही तीच. कारखाना पुढे बंद पडला, पण क्लोनवरची श्रद्धा तीन पाळ्यांत चालू राहिली. मुलानं केमिस्ट्रीच घ्यायची हे ठरलेलं. बारावी झाल्यावर तो म्हणाला, मला आचारी व्हायचंय. वडील गरजले, 'माझा क्लोन आणि कढया घासणार?' तेव्हा वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, 'तुमचा क्लोन ना? मग मी काय नऊ महिने कुरिअरचं पार्सल सांभाळत होते? त्याच्या हाताला चव आहे ती माझ्या आईची आहे.' एवढं नेमकं जीवशास्त्र मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

बरं, खराखुरा क्लोन तरी तंतोतंत असतो का? अमेरिकेत, टेक्सासमध्ये, २००१ च्या डिसेंबरात मांजराचा पहिला क्लोन जन्मला. मूळ मांजरी तिरंगी. पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंग औषधालाही नाही! मूळ मांजरीचंच बियाणं घेऊन जन्मलेल्या पिल्लानं जर आपला रंग निराळा काढला, तर दोन घराण्यांचं रक्त घेऊन आलेल्या पोरानं का काढू नये?

तेव्हा परीक्षकाचं मत असं. हा शब्द बागेत शोभतो, प्रयोगशाळेत शोभतो, मोबाइलच्या दुकानातही खपून जातो. पाळण्याजवळ मात्र त्याला नेऊ नये. तिथं आपलं जुनंच बरं : 'पोरगा बापावर गेलाय.' त्यात एक मोठी सोय आहे. गेलेला माणूस परतही येऊ शकतो. क्लोनला परतीचं तिकीट नसतं.